९११, एएमजी जीटी की वापरलेली हुराकान? वेग, रूप आणि किंमत

भोसरीकर

नमस्कार मंडळी.

मोठ्या भावाचा भोसरीत टूलरूमचा कारखाना आहे. दादाचं तरुणपण सगळं डाय आणि फिक्श्चरमध्ये गेलं. मशिनांचं शेवटचं कर्ज यंदा फिटलं आणि त्यानं घरात जाहीर केलं, आता गाडी घेणार. एसयूव्ही नाही, खरीखुरी स्पोर्ट्स कार. रोड टॅक्स, विमा सगळं धरून साडेतीन कोटींच्या आत बसायला हवी. घरात गाड्यांचं वेड मला, त्यामुळे शोधाशोध माझ्याकडे आली. चाळणी लावून तीन नावं उरली आहेत.

पहिली, नवी पोर्शे ९११ कारेरा. मागच्या ॲक्सलच्याही मागे बसवलेलं तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं ट्विन-टर्बो इंजिन. ३९४ पीएस (इंजिनाची ताकद, साधारण हॉर्सपॉवरइतकीच). शून्य ते शंभर ४.१ सेकंद, स्पोर्ट क्रोनो हे जादा पैशांचं पॅकेज घेतलं तर ३.९. टॉप स्पीड ताशी २९४ किमी. २०२४ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम १.९९ कोटी.

दुसरी, मर्सिडीज-एएमजी जीटी ६३. चार लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन), ५८५ पीएस, ३.२ सेकंद, ३१५ किमी. २०२५ मध्ये भारतात आली ती ३ कोटींना.

तिसरी, वापरलेली लॅम्बोर्गिनी हुराकान. ५.२ लिटरचं व्ही-१०, टर्बो नाही. २०१४ ची एलपी ६१०-४ म्हणजे ६१० पीएस, ३.२ सेकंद, ३२५ किमी. तेव्हा नवी ३.४३ कोटींना होती. २०२४ मध्ये हुराकानचं उत्पादन थांबलं, त्यामुळे आता घ्यायची तर जुनीच.

दादाचा जीव हुराकानवर. माझं मत ९११ ला, आणि कारण सरळ आहे. तिघींचाही वेग आपल्या रस्त्यांच्या कितीतरी पलीकडचा. मग आकडे बघून निवडण्यात अर्थ काय? गाडी साठ-सत्तरच्या वेगात, पौड रोडवरून मुळशीकडे जाताना, वळणात काय देते ते बघायचं. त्या वेगात जी जिवंत वाटेल ती घ्यायची.

ज्यांनी यातली कुठलीही चालवली आहे किंवा सांभाळली आहे, त्यांनी मोकळेपणानं लिहा.

वेताळटेकडी

धाग्याबद्दल धन्यवाद. मूळ मुद्द्याशी सहमत, पण टॉप स्पीडवर जरा सविस्तर लिहितो, कारण शोरूममध्ये सगळ्यात आधी तोच आकडा तोंडावर फेकतात.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्या विरोधाला पुरून उरायला लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात. बुगाटीनं हे रोकड्या पैशात सिद्ध करून दाखवलं आहे. २००५ ची वेरॉन १००१ पीएस आणि ४०७ किमी. २०१० ची वेरॉन सुपर स्पोर्ट १२०० पीएस आणि ४३१ किमी. आता ४३१ ला ४०७ नं भागा आणि उत्तराचा घन करा, १.१९ येतं. १२०० ला १००१ नं भागा, १.२० येतं. कागदावरचं गणित आणि रस्त्यावरची गाडी इतकी तंतोतंत जुळते! वरचे २४ किलोमीटर मिळवायला जवळपास २०० पीएस खर्ची पडले. एवढ्यात एक चांगली सेडान धावते.

हेच तुमच्या गाड्यांना लावून बघा. कारेरा २९४, जीटी ३१५. नुसता टॉप स्पीड वाढवायला सव्वापट ताकद पुरली असती, जीटीकडे जवळजवळ दीडपट आहे. म्हणजे तिची जास्तीची ताकद टॉप स्पीडसाठी दिलेलीच नाही. ती आहे खालून उसळी मारायला आणि दोन टनांच्या आसपासचं धूड हलकं भासवायला.

आता थांबण्याचं. कोरडा रस्ता आणि उत्तम टायर असताना साधारण १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतकं ब्रेकिंग धरलं, तर शंभरवरून थांबायला ३९ मीटर लागतात आणि दोनशेवरून १५७. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा, त्यात आणखी २८ आणि ५६ मीटर जातात. बेरीज ६७ विरुद्ध २१३. एक्स्प्रेसवेवर सपाटीला कारची मर्यादा १०० आहे, घाटात त्याहून कमी, आणि कॅमेरे आहेत. पण कॅमेरे नसते तरी हे २१३ मीटर माझ्या डोक्यातून गेले नसते. लेन सोडून ट्रक कधी आडवा येईल हे तिथे रोज जाणारा प्रत्येकजण जाणतो.

मिउरा६६

रूपावर कोणी बोललंच नाही, म्हणून मी लिहितो.

दादांचा जीव हुराकानवर का जडला असेल हे मला पुरतं कळतं. या लॅम्बोर्गिनी घराण्याचं रूप मार्चेल्लो गांदिनी यांच्या हातून आलं. बेर्तोने या इटलीतल्या डिझाइन कंपनीत असताना त्यांनी मिउरा रेखाटली, १९६६ च्या जिनिव्हा प्रदर्शनात ती आली. चालकाच्या पाठीमागे आडवं बसवलेलं व्ही-१२. नंतर १९७१ मध्ये काउंटाशचा नमुना, ती पाचरीसारखी गाडी आणि वर उघडणारी दारं. २०२४ मध्ये गांदिनी गेले, पण त्यांची ती रेष आजही प्रत्येक लॅम्बोत दिसते.

हुराकान कधी उन्हात बाजूनं बघा. नाकापासून पुढचं झाकण, काच, छप्पर आणि शेपूट, सगळी मिळून एकच न तुटलेली कमान आहे. कुठेही पेन उचलल्याची खूण नाही. खिडक्यांची रेष, मागचे झरोके, आतल्या एअर व्हेंट, जिथे तिथे षटकोन. सकाळी गणेशखिंड रस्त्यावर झाडांची सावली त्या झाकणावरून सरकत जाते ती बघण्यासाठी मी स्कूटर बाजूला घेऊन थांबलो आहे.

एक गोष्ट मात्र दादांना आधीच सांगा. वर उघडणारी दारं लॅम्बोर्गिनीनं व्ही-१२ घराण्यासाठी राखली आहेत. डियाब्लो, मुर्सिएलागो, अव्हेंतादोर, आताची रेव्हुएल्तो यांना ती आहेत. हुराकानची दारं साधी, बाजूला उघडणारी आहेत. बऱ्याच जणांची यावरून निराशा होते.

९११ सुंदर नाही असं मुळीच म्हणत नाही. फेर्डिनांड आलेक्झांडर पोर्शे यांनी काढलेली छपराची ती उतरती रेष १९६३ पासून टिकून आहे. पण ती रोज बघून हळूहळू आवडत जाते. हुराकान पहिल्या नजरेत पकडते. ज्यानं इतकी वर्षं मशिनशेजारी काढली, त्यानं पहिल्या नजरेला मान दिला तर बिघडलं कुठे?

धायरीफाटा

मिउरा६६, ते झाकणावरच्या सावलीचं अगदी खरं.

पण भोसरीकर, सोसायटीला बेसमेंट पार्किंग आहे का? असेल तर बाकी सगळं नंतर, आधी रॅम्प मोजा. सविस्तर रात्री लिहितो.

बॅटरीवाली

साडेतीन कोटींत वेगच हवा असेल, तर पेट्रोलकडे जायचंच कशाला? एमजी सायबरस्टर, २०२५ मध्ये ७४.९९ लाखांना आली. दोन सीट, उघडं छप्पर, ५१० पीएस, शून्य ते शंभर ३.२ सेकंद. म्हणजे एएमजी जीटीच्या बरोबरीला, चौथाई पैशात. आणि दारं वर उघडतात! चार दारं हवी असतील तर बीवायडी सील परफॉर्मन्स, ३.८ सेकंद, २०२४ मध्ये ५३ लाख. कागदावर कारेरा तिच्या मागे पडते.

आणखी एक गंमत वाटावी अशी तुलना. १९६४ ची पहिली ९११ होती १३० पीएसची, शून्य ते शंभर ९.१ सेकंद, टॉप स्पीड २१०. आज आपल्या टाटांची हॅरियर ईव्ही, दोन मोटरांची, चारही चाकांना ताकद देणारी, ६.३ सेकंदांत शंभर गाठते. कुटुंबाला घेऊन, डिकीत बॅगा टाकून. चाकणला बनणारी महिंद्राची बीई ६ सुद्धा ६.७ सेकंदांची आहे.

मी स्वतः इलेक्ट्रिक चालवते. सिग्नल सुटल्यावर जो धक्का बसतो, तो एकदा अनुभवला की इंजिनाचा आवाज वाढण्याची वाट बघणं नको वाटतं.

फ्लॅटसिक्स

बॅटरीवाली ताई, तुमचे सगळे आकडे बरोबर आहेत आणि त्यातूनच माझा मुद्दा निघतो. हॅरियर ईव्ही पहिल्या ९११ पेक्षा झपाट्यानं शंभर गाठते. तरी तिला स्पोर्ट्स कार कोणी म्हणत नाही, टाटाही म्हणत नाहीत. मग शून्य ते शंभरच्या आकड्यात स्पोर्ट्स कारचं सत्त्व नाही हे उघड आहे.

ते कुठे आहे हे माझ्या अनुभवातून लिहितो. मी जुनी, टर्बो नसलेल्या इंजिनची ९११ चालवतो. मुळशी सोडून ताम्हिणीकडे चढायला लागलं की रस्ता अरुंद होतो, वळणं एकामागून एक येतात. वेग पन्नास-साठ. वळणाआधी ब्रेक दाबला की पुढची चाकं दबतात आणि स्टिअरिंग हातात किंचित जड होतं. रस्त्यावर बारीक खडी असेल तर ती बोटांना कळते. वळणाच्या मध्यावर हळूच ॲक्सिलरेटर दिला की इंजिनाचं वजन मागच्या चाकांवर बसतं आणि गाडी जमिनीला धरून पुढे ढकलली जाते. हा सगळा संवाद पन्नासच्या वेगात चालू असतो. इंजिन मागच्या ॲक्सलच्या पलीकडे ठेवण्याचा हट्ट पोर्शेनं साठ वर्षं सोडला नाही, त्याचं फळ हे.

यात वजनाचा वाटा फार मोठा आहे. कारेरा दीड टनाच्या आसपास. जीटी ६३ आणि सायबरस्टर दोन टनांच्या घरात, सील त्याच्याही वर. ताकद वाढवून जड गाडी सरळ रेषेत पळवता येते, वळणात वजन लपत नाही.

ताकदीपेक्षा जुळणी किती महत्त्वाची याचं उदाहरण म्हणजे ९११ जीटी३. चार लिटर, टर्बो नाही, ५१० पीएस, ९,००० आरपीएम. २०२१ मध्ये जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या २०.८ किमीच्या जुन्या ट्रॅकची फेरी तिनं ६ मिनिटं ५९.९२७ सेकंदांत मारली. रस्त्यावर चालणारी, नंबरप्लेट लागणारी गाडी! नवी जीटी३ भारतात २०२४ मध्ये २.७५ कोटींना जाहीर झाली, म्हणजे दादांच्या बजेटमध्ये बसते. पण सस्पेन्शन कडक आहे. पुण्यात रोज चालवायला मी कारेराच सुचवेन. जीटी३ चा मोह मला आहे, दादांना लावत नाही.

बॅटरीवाली

फ्लॅटसिक्स, वजनाचं मान्य. माझ्या गाडीत वळणात ते जाणवतं. पण सायबरस्टर एकदा दाखवा दादांना. उरलेल्या पैशात कारखान्यात एक चांगलं व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशिन) येईल.

सदाशिवपेठी_सीए

किमतीवर सविस्तर लिहितो, कारण "जर्मनीत एवढ्याला मिळते, इथे दुप्पट का" हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो.

४० हजार डॉलरपेक्षा महाग, पूर्ण तयार आयात होणारी गाडी घ्या. बंदरावर पोहोचेपर्यंतची तिची किंमत १०० रुपये धरा. २०२५ च्या अर्थसंकल्पापासून तिच्यावर ७० टक्के मूळ सीमाशुल्क आणि ४० टक्के कृषी पायाभूत अधिभार, म्हणजे ११० टक्के. आधीही दुसऱ्या नावांनी तेवढंच होतं. १०० चे झाले २१०. या २१० वर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना सरसकट ४० टक्के, उपकर गेला. त्याचे ८४. झाले २९४. डीलरचं मार्जिन अजून आलेलंच नाही. आधी २८ टक्के जीएसटी आणि २० टक्के उपकर मिळून ४८ होते, तेव्हा हाच आकडा ३११ च्या आसपास जायचा.

म्हणून "तीन कोटींची गाडी" म्हणताना त्यात गाडी किती आणि कर किती, हे दादांनी डोळ्यांसमोर ठेवावं. बनवणाऱ्याच्या हातात त्यातला तिसरा हिस्साही जात नाही.

आता महाराष्ट्राचा रोड टॅक्स. आयात गाडीला २० टक्के, पण कमाल मर्यादा आहे. १ जुलै २०२५ पासून ती २० लाखांवरून ३० लाख झाली. १.९९ कोटींच्या कारेराचे २० टक्के म्हणजे जवळपास ४० लाख, ३ कोटींच्या जीटीचे ६० लाख. दोघींना मर्यादा लागते, दोघींना ३० लाखच. म्हणजे रोड टॅक्सनं निवड बदलत नाही. विमा वेगळा, आणि १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आपल्याकडून गोळा केलेला आयकर, जो विवरणपत्रात वळता होतो.

"कारखान्याच्या नावावर घेऊ का" हे दादा विचारणारच. घसारा १५ टक्के दरानं मिळेल, पण प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीची वजावट (इनपुट क्रेडिट) मिळत नाही, जीएसटी कायद्याचं कलम १७(५). वैयक्तिक वापराचा भाग आयकर खातं विचारू शकतं. माझा सल्ला असा की हौसेची गाडी स्वतःच्या नावावर, कर भरलेल्या पैशातून घ्या. झोप चांगली लागते.

धायरीफाटा

आता रॅम्पचं.

रस्त्यावरच्या गतिरोधकांचं प्रमाण इंडियन रोड्स काँग्रेसनं ठरवून दिलं आहे. १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर. त्यावरून २५ च्या वेगात कुठलीही गाडी अलगद जाते. आपल्याकडे उंची तीच ठेवतात किंवा वाढवतात, आणि रुंदी हातभर. जमिनीलगत बसलेल्या गाडीचं पोट तिथेच अडकतं. ९११ ला पुढचं नाक साधारण ४ सेंमी उचलणारी हायड्रॉलिक सोय पैसे देऊन मिळते. ती पर्याय म्हणून बघू नका, आवश्यक म्हणून घ्या. हुराकानलाही अशी सोय होती, पण वापरलेली घेताना ती त्या गाडीत बसवलेली आहे का आणि चालते का हे स्वतः बटण दाबून बघा.

रॅम्प मोजायची पद्धत. उतार सुरू होतो तिथे एक सरळ फळी ठेवा. दर ८ फुटांना १ फूट चढत असेल तर कोन ७ अंश, ६ ला १ असेल तर साडेनऊ. मग गाडीच्या पुढच्या चाकाचा जमिनीला टेकणारा बिंदू आणि बंपरची खालची कड यांच्यात दोरी ताणा. त्या दोरीचा जमिनीशी कोन रॅम्पच्या कोनापेक्षा मोठा हवा, आणि जरा नाही, दोन-तीन अंशांनी मोठा. रॅम्प जिथे संपून सपाट होतो तिथे पोट घासतं, ते वेगळं तपासा.

आणि टायर. कारेराचा पुढचा २३५/४० आर१९, म्हणजे रुंदी २३५ मिमी, बाजूची उंची तिच्या ४० टक्के, रिम १९ इंची. रबराच्या बाजूची उंची ९४ मिमी. हुराकानचा पुढचा २४५/३० आर२०, म्हणजे ७३ मिमी. पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली असतो तेव्हा हे २१ मिमी रिम वाचवतात. माझ्या आधीच्या जर्मन सेडानचं रिम असंच तडकलं. डीलरनं, नाव लिहीत नाही, आठवड्यात आणतो म्हणून सगळा पावसाळा काढला. तेव्हापासून मी रिमच्या व्यासापेक्षा टायरच्या उंचीकडे आधी बघतो.

वेताळटेकडी

धायरीफाटा, उत्तम प्रतिसाद. टायरच्या उंचीचा मुद्दा कुठल्याही परीक्षणात वाचला नव्हता.

कल्याणीनगर

मी या धाग्यावर लिहू की नको असा विचार करत होते. आपण पुण्यात बसून वेगाची चर्चा करतोय, म्हणून लिहिते.

१९ मे २०२४ च्या पहाटे आमच्या भागात भरधाव पोर्शे टायकाननं दुचाकीला उडवलं. दोन तरुण अभियंते गेले, परगावाहून इथे नोकरीला आलेली मुलं. गाडीची नोंदणीही पूर्ण झालेली नव्हती. न्यायालयात काय व्हायचं ते होईल. पण त्या रस्त्यावरून मी रोज जाते आणि दुचाकीवरचं कुठलंही जोडपं बघितलं की पोटात कालवतं.

भोसरीकर, तुम्ही साठच्या वेगातल्या आनंदाबद्दल लिहिलंत म्हणून तुम्हालाच सांगते. दादांची किल्ली घरातल्या तरुण मुलांच्या हाती कधी, कशी आणि कोणाच्या सोबतीनं जाईल, हे गाडी यायच्या आधी ठरवा. ३.९ सेकंद म्हणजे काय, हे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला शब्दांनी कळत नाही.

भोसरीकर

कल्याणीनगर ताई, लिहिलंत ते बरं केलंत. घरात पुतण्या आहे, कॉलेजात. काल जेवताना तुमचा प्रतिसाद मी मोठ्यानं वाचून दाखवला. दादानं तिथेच सांगितलं, ट्रॅकवर रीतसर शिकल्याशिवाय आणि मी शेजारी बसल्याशिवाय किल्ली नाही. पुतण्या हो म्हणाला.

सदाशिवपेठी_सीए, रोड टॅक्स दोघींना सारखा येतो हे आमच्या ध्यानातच नव्हतं. दादानं तुमचा २९४ चा हिशोब कागदावर पुन्हा करून बघितला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

चाकणकर

उशिरा आलो. मी वाहन उद्योगात काम करतो, कंपनीचं नाव लिहीत नाही.

एएमजी म्हटलं की पुणेकराला आपलेपणा वाटतो, आणि तो रास्त आहे. चाकणच्या मर्सिडीज कारखान्यात २०२० मध्ये जीएलसी ४३ कूपे जुळवायला सुरुवात झाली, भारतात जुळवलेली ती पहिली एएमजी. मग ए ३५ वगैरे. पण जीटी ६३ पूर्ण तयार होऊन बाहेरूनच येते, त्यामुळे वर दिलेला सगळा कर तिला लागतो.

जीटीची बाजू कोणी घेतली नाही म्हणून घेतो. तिच्या व्ही-८ ला तोड नाही. एका कामगारानं एक इंजिन सुरुवातीपासून शेवटपर्यंत हातानं जुळवायचं आणि वर आपल्या सहीची पट्टी लावायची, ही त्यांची जुनी रीत. टूलरूमच्या माणसाला ती पट्टी बघून काय वाटेल ते मी सांगायला नको. शिवाय लांबच्या प्रवासाला, म्हणजे कोल्हापूर-बेळगाव, तिघींत तीच सुखाची. चारही चाकांना ताकद जाते, पावसात ते फार कामाचं आहे.

एक वेगळी सूचनाही करतो. बीएमडब्ल्यू एम२, ४८० पीएस, २०२४ मध्ये १.०३ कोटी. आणि तिच्यात हातानं गिअर टाकायची सोय अजून आहे! तुमच्या यादीतल्या एकीतही नाही. सहा गिअर, क्लच, तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडर. साठच्या वेगातला आनंद हीच कसोटी असेल, तर एम२ ला यादीत जागा हवी.

फ्लॅटसिक्स

एम२ ला माझं जोरदार अनुमोदन. हातातला गिअर लिव्हर ही गोष्ट झपाट्यानं संपत चालली आहे. भोसरीकर, चालवून बघाच.

जुन्या_गाड्या

वापरलेल्या हुराकानचा विचार अजून जिवंत असेल तर एवढं बघा.

नोंदणी कुठल्या राज्याची आहे? कर वाचवायला बाहेरच्या राज्यात नोंदवलेल्या गाड्या बाजारात भरपूर आहेत. बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली की मोटार वाहन कायद्यानुसार इथे पुन्हा नोंदवावी लागते आणि इथला कर भरावा लागतो. विकणारा हे सांगत नाही. आयातीची कागदपत्रं, मूळ बिल आणि बँकेचा ना-हरकत दाखला मूळ प्रतीत बघा. इंजिन किती तास चाललं हे कंपनीच्या वर्कशॉपमधून काढून घ्या. कमी किलोमीटर आणि जास्त तास, याचा अर्थ गाडी उभ्या उभ्या गुरगुरली आहे. सिरॅमिक ब्रेक असतील तर डिस्कची झीज मोजून घ्या, त्या बदलण्याचा खर्च छोट्या गाडीएवढा होतो.

एक दिलासा आहे. हुराकानचं व्ही-१० आणि ऑडी आर८ चं व्ही-१० हे मुळात एकच इंजिन. त्यामुळे त्याची माहिती असलेले हात शोधले तर सापडतात.

मिउरा६६

आणि ते टर्बो नसलेलं व्ही-१० पुन्हा होणार नाही. हुराकाननंतर आलेल्या तेमेरारिओत चार लिटरचं ट्विन-टर्बो व्ही-८ आणि तीन विजेच्या मोटर आहेत. ९२० पीएस, १०,००० आरपीएम, २०२५ मध्ये भारतात आली ती ६ कोटींना. आकडे प्रचंड आहेत. पण ५.२ लिटरच्या दहा सिलिंडरांचा ८,००० च्या वरचा आवाज त्यात नाही. हे दादांना नक्की सांगा.

भोसरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. या आठवड्यात बरंच घडलं.

रॅम्प मोजला. साडेसहाला एक, म्हणजे पावणेनऊ अंश. बघायला गेलेल्या हुराकानची नाक उचलणारी सोय बंद होती, आणि विकणारा "करून देतो" म्हणाला. नोंदणी बाहेरची. दादानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मिउरा६६ म्हणतात ती कमान बोटानं हवेत काढली, आणि निघताना म्हणाला, "सुंदर आहे. पण हिला घरात आणता येणार नाही."

जीटी चालवली. सहीची पट्टी बघून दादा हरखला, चाकणकरांचा अंदाज अगदी बरोबर. सरळ रस्त्यावर ती जी झेप घेते, त्यानं माझंच डोकं सीटला चिकटलं. पण बाणेरच्या आतल्या रस्त्यांवर तिची रुंदी दादाला सतत डोक्यात ठेवावी लागत होती.

एम२ मला फार आवडली. दादाचा डावा गुडघा मशिनवर उभं राहून दुखरा झालाय, वाहतुकीत क्लच जमला नाही. तेवढ्या एका कारणानं ती गेली.

कारेरा शेवटी चालवली. दादा एका वळणानंतर काही न बोलता गाडी वळवून परत त्याच वळणाकडे गेला. मग म्हणाला, "ही पन्नासला पण सांगते काय चाललंय ते." मी त्याला हा धागा वाचून दाखवला नव्हता, निदान फ्लॅटसिक्सचा तो प्रतिसाद तरी.

कारेरा ठरली. स्पोर्ट क्रोनो आणि नाक उचलणारी सोय दोन्ही घेतोय. पुतण्याच्या प्रशिक्षणासाठी ट्रॅक सुचवा, आणि रंगावर अडलंय. दादाला काळा हवाय, वहिनीला गार्ड्स रेड, पोर्शेचा तो भडक लाल.

फ्लॅटसिक्स

हार्दिक अभिनंदन! रनिंग-इन, म्हणजे नव्या इंजिनाचे सुरुवातीचे किलोमीटर, संपेपर्यंत माहितीपुस्तिकेतली आरपीएमची मर्यादा काटेकोर पाळा. नंतर एकदा सकाळी वाईहून पसरणी घाटानं पाचगणीला या, मी येतो.

ट्रॅकसाठी चेन्नईजवळचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट बघा, ३.७ किमी. शिकायला कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवेही चांगला, लहान आहे आणि वेग आवाक्यात राहतो. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किमीचा, तिथली सरळ रेघ फार लांब आहे. पहिल्यांदा तिथे नको.

कल्याणीनगर

अभिनंदन. पुतण्याला माझ्याकडून शाबासकी सांगा.

धायरीफाटा

काळा नको. पुण्याच्या धुळीत आणि सोसायटीच्या बोअरच्या पाण्यात काळ्या रंगावर आठवडाभरात पांढरे डाग पडतात, आणि पुसताना रेघा उठतात. वहिनींचं ऐका.